बसलेल्यांचे शंभर टक्के

सुवार्ता, काल शाळेत तुझी शोकसभा झाली आणि मी तिथं भांडून आले.

भांडायचं ठरवून गेले नव्हते. पांढरी साडी नेसून मागच्या रांगेत बसले होते, डोळे पुसायला पदराचं टोक हातात धरून. फ्लेक्सवर तुझ्या नावामागं 'कै.' लावलं होतं. जन्मभर दर रविवारी चर्चच्या पहिल्या बाकावर बसलेल्या बाईला ह्या लोकांनी एका अक्षरात कैलासाला पाठवून दिलं. तेही मी गिळलं. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. पण नावाच्या खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'शंभर टक्के निकालाच्या शिल्पकार'. मला वाटलं, छापणाऱ्याची चूक असेल. मग संस्थेचे अध्यक्ष उठले आणि माईक हातात घेऊन म्हणाले, "साळवे बाईंनी ह्या शाळेला शंभर टक्क्यांची परंपरा दिली. गणितासारख्या विषयात एकही मूल मागं राहू दिलं नाही."

मी उभी राहिले. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

"अध्यक्षसाहेब, हे खरं नाही. त्या शंभर टक्क्यांना विरोध केला म्हणून तुम्ही बाईंकडून दहावीचा वर्ग काढून घेतला होता. तो परत कधी दिला नाही. आता त्या गेल्यावर तेच शंभर टक्के त्यांच्या फोटोला घालताय?"

मग सूत्रसंचालन करणारे नवे सर पुढं आले आणि माईकमध्ये हळुवारपणे म्हणाले, "देशमुख मॅडम भावनाविवश झाल्या आहेत. आपण त्यांचं दुःख समजू शकतो."

बाईमाणूस खरं बोललं की भावनाविवश. मी चपला घातल्या आणि तडक एसटीच्या थांब्यावर गेले. तिसगावला घरी आले. आजही राग गेलेला नाही. म्हणून तुझ्याशीच बोलत बसले आहे, कारण हा राग ज्याच्यापुढं काढावा असं दुसरं माणूस माझ्याजवळ उरलेलं नाही.

आपण दोघी तिसगावातून एकाच गाडीनं त्या शाळेत जायचो. तू गणिताची, मी मराठीची. माझा सातवीचा वर्ग तुझ्या वर्गाला लागून होता आणि मधली भिंत नावापुरतीच, म्हणून तुझे कितीतरी तास मी फुकट ऐकले. टक्केवारी शिकवायची असली की तू वर्गात पाण्याचा हंडा आणायचीस. पहिल्यांदा मला वाटलं, बाईंना तहान लागली असेल. तू भरलेला हंडा टेबलावर ठेवून पोरांना म्हणालीस, "गेल्या साली पाऊस पन्नास टक्के कमी झाला." आणि अर्धा हंडा बाहेर निंबाच्या आळ्यात ओतलास. "यंदा गेल्या सालापेक्षा पन्नास टक्के जास्त झाला. मग भरपाई झाली का?"

"झाली की बाई! पन्नास गेलं, पन्नास आलं," सगळा वर्ग ओरडला.

तू हंड्यात उरलेल्या पाण्याच्या निम्मं पाणी मोजून परत ओतलंस. हंडा भरला नाही. पाऊणच राहिला. पोरं बाकावरून उठून हंड्यात डोकावायला लागली. एक पोरगी चिडून म्हणाली, "बाई, तुमी पानी लपावलं." तू तिलाच परत मोजायला लावलंस. तिनं मोजलं आणि तरी पाऊणच झालं तेव्हा तू विचारलंस, "पन्नास टक्के गेले ते कशाचे होते? भरल्या हंड्याचे. आले ते कशाचे? अर्ध्या हंड्याचे. मग सारखे कसे होतील?" आपल्या ह्या कोरड्या मुलखातल्या पोरांना ते जन्मभर पुरलं असेल. पावसाची बातमी लागली की त्यांच्या घरात कुणीतरी नक्की म्हणत असेल, जास्त म्हणजे कशापेक्षा?

नगरला कापडबाजारात तर मला तुझ्याबरोबर जायची लाज वाटायची. दुकानावर पाटी होती, पन्नास टक्के सूट आणि वर आणखी वीस टक्के. दुकानदार म्हणाला, सत्तर टक्के सूट आहे, घेऊन टाका. तू खुर्ची ओढून बसलीस आणि त्याला समजावून सांगितलंस की दुसरी सूट उरलेल्या किमतीवर आहे, म्हणून ती साठच होते. तो बिचारा म्हणाला, "ताई, मला ठाऊक आहे हो. पण बाकीचे विचारत नाहीत." बाहेर आल्यावर तू पुटपुटलीस, "विचारत नाहीत, म्हणून चाललंय." साबणाच्या जाहिरातीत नव्व्याण्णव टक्के जंतू मरतात असं ऐकलं की टीव्हीला विचारायचीस, "आणि उरलेला एक टक्का आजारी पाडणारा निघाला तर?"

आपलं भांडण तिथूनच सुरू व्हायचं. मी म्हणायची, ह्या टक्क्यांनीच सगळ्याचं वाटोळं केलं. पोरगं घरी आलं की किती टक्के, सोयरिकीला गेलं की किती टक्के. माणसाबद्दल चार शब्द बोलायची कुणाला गरजच राहिली नाही. तू डबा उघडता उघडता म्हणायचीस, "कुसुम, टक्का म्हणजे शंभरातले किती, एवढंच. तो बिचारा कुणाचं काय वाटोळं करील? शंभरात कुणाला धरायचं आणि कुणाला वगळायचं, ते माणसं ठरवतात. शिव्या द्यायच्या तर त्यांना दे." मी म्हणायची, शब्द बरे. तू म्हणायचीस, शब्द जास्त लबाड. डबे संपायचे, घंटा व्हायची, भांडण तसंच राहायचं.

मग मनीषाचं प्रकरण झालं.

दहावीच्या वर्गाचा तो पहिलाच दिवस होता. खिडकीजवळच्या बाकावर एक जागा रिकामी दिसली म्हणून तू विचारलंस, "मनीषा कुठंय?" एकीनं सांगितलं, "बाई, तिचं नाव काढलं." मनीषाच नाही, आणखी दोन पोरं गेली होती. तिघंही नववीत गणितात काठावर. मनीषाचे आईबाप दर साली दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जायचे, ती बरोबर जायची आणि उन्हाळ्यात परत यायची. मधले महिने तिचं गणित शेतात राहायचं. पोरगी मंद नव्हती. माझ्या विषयात तर असे निबंध लिहायची की मी स्टाफरूममध्ये वाचून दाखवायची.

मधल्या सुट्टीत तू मला म्हणालीस, "चल माझ्याबरोबर." आपण मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलो. तेव्हाचे मुख्याध्यापक वरून मऊ माणूस. खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं.

"मॅडम, नाव आम्ही नाही काढलं," ते म्हणाले. "पालकांनी अर्ज दिलाय. बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भरून परीक्षेला बसेल की ती. कुणी अडवलंय?"

"अर्ज त्यांनी दिला. मजकूर कुणी सांगितला?"

"हे बघा, सलग शंभर टक्के निकाल लागतोय. आजूबाजूच्या गावांतनं पोरं आपल्याकडं येतात ती त्या पाटीकडं बघून. शंभर टक्के हा गावाचा मान आहे."

"शंभर टक्के कशाचे, सर?"

"कशाचे म्हणजे? बसलेल्यांचे."

"आणि उठवलेल्यांचे?" तू म्हणालीस.

सुवार्ता, मी इतकी वर्षं मराठी शिकवली. ह्या दोन शब्दांइतकं सरळ वाक्य माझ्या एकाही धड्यात नव्हतं.

संध्याकाळी आपण मनीषाच्या वस्तीवर गेलो. बाप दारात दावं वळत बसला होता. आपल्याला बघून घाबरून उठला, घोंगडी झटकून अंथरली. तू विचारलंस, "नाव का काढलं हो पोरीचं?"

"बाई, सरांनी बोलावल्यालं. म्हनले, पोरीला झेपायचं न्हाई, उगं नापासाचा शिक्का बसंल. शिकल्याली मानसं सांगत्यात, खरंच आसंल म्हनलं. सही केली."

"सर काय वाईट न्हाई बोलले," आतून तिची आई म्हणाली. "च्या पाजला आमाला."

चहा! दहावीचं एक अख्खं वर्ष एका कपात विरघळवून पाजलं आणि ती माउली उपकार मानत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तू मात्र शांत होतीस. मनीषा सुपात बाजरी निवडत बसली होती, मान वर करत नव्हती. तू तिच्याजवळ जाऊन बसलीस.

"तुला शाळेत यायचंय का?"

ती सुपातच बघत म्हणाली, "बाई, मी नसल्यावर शाळंला शंभर मिळत्यात ना? मंग ऱ्हाऊ द्या."

परत येताना तिसगावच्या चौकात आपण वेगळ्या झालो तेव्हा तू म्हणालीस, "पोरगी स्वतःलाच वजा करायला शिकली, कुसुम. हे कुणी शिकवलं तिला? आपल्या शाळेनं." तुझा एवढा कडवट आवाज मी कधी ऐकला नव्हता.

पुढं जे झालं ते काल मंडपात कुणी सांगितलं नाही. तू सरांना स्पष्ट बजावलंस की पोरीला परत घेतलं नाही तर तिच्या आईबापाला घेऊन नगरला शिक्षण खात्यात जाऊन बसशील. सर म्हणाले, निकाल घसरला तर जबाबदारी तुमची. तू म्हणालीस, माझी. तरी ते बधले नसते. पण दोन दिवसांनी मनीषाचा बाप स्वतः शाळेत आला. डोक्यावरची टोपी हातात, ऑफिसच्या उंबऱ्याबाहेरच उभा राहिला आणि म्हणाला, "सर, माझी पोर नापास व्हायची आसंल तर तुमच्याच शाळंत हू द्या. बाहीर नगं."

त्यावर सरांनी पट मागवला. नाव परत पटावर आलं. बाकीच्या दोघांपैकी एक जण तोवर नगरला एमआयडीसीत मामाबरोबर कामाला लागला होता, दुसऱ्याच्या बापानं आपल्याला दारातूनच परत पाठवलं. ती दोन पोरं तुला शेवटपर्यंत टोचत राहिली. मनीषाचं कौतुक कुणी केलं की तू म्हणायचीस, "तिघं होती ती."

दिवाळीनंतर आईबाप कोयते घेऊन गेले. मनीषा चुलतीकडं राहिली. प्रार्थनेच्या आधी तू तिला व्हरांड्यात बसवून गणित शिकवायचीस. थंडीत दोघींच्या तोंडातून वाफा यायच्या. नाताळाला तू करंज्यांचा डबा आणलास, तोही तिला शेकडेवारीचा हिशेब घालूनच खाऊ दिलास, दुष्ट बाई.

आणि मनीषा नापास झाली. बाकी सगळ्या विषयांत पास, गणितात नापास. शाळेचा निकाल शंभरावरून खाली आला. सरांच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण त्याच्याखाली 'बघा, सांगत नव्हतो?' हेही होतं. दुसऱ्या दिवशी तू पेढे घेऊन शाळेत आलीस.

"मॅडम, पेढे कशाचे?" सरांनी विचारलं.

"खऱ्या निकालाचे. ह्या शाळेचा पहिलाच आहे."

कुणी पेढा घेतला, कुणी नाही घेतला. मी दोन घेतले. दुपारी मनीषा आली आणि तुझ्या टेबलाला धरून रडायला लागली. "बाई, तुमच्याच विषयात." तू तिच्या हातावर पेढा ठेवलास आणि म्हणालीस, "मग काय झालं? परत बसू." पावसाळ्यात फेरपरीक्षा झाली आणि ती पास झाली. तेव्हा ना पाटी लागली, ना पेढे. तू एवढंच म्हणालीस, "झालं."

त्याच्या आधीच जूनमध्ये नवं वेळापत्रक लागलं होतं. तुझ्या नावापुढं पाचवी आणि सहावी. दहावीचं गणित दुसऱ्या सरांकडं. कारण विचारलं तर सांगितलं, लहान मुलांना अनुभवी शिक्षक हवेत. शाळेच्या फाटकावर पुन्हा शंभर टक्क्यांची पाटी चढली, आणि दर साली नववीतून एखाददुसरं मूल गुपचूप गळत राहिलं. तू प्रत्येक मीटिंगमध्ये हात वर करायचीस. "ज्यांची नावं काढली त्यांना धरून निकाल किती?" लोक हसायचे. "आला, साळवे बाईंचा प्रश्न आला." उत्तर कधी आलं नाही. ते हसणं मला आठवतं. त्यातले निम्मे लोक काल माना खाली घालून बसले होते.

म्हणून मी उठले, सुवार्ता. माणसाला मरू द्यायचं आणि मग तो जन्मभर ज्याच्याशी भांडला, तेच त्याच्या नावावर चढवायचं, ह्याला श्रद्धांजली म्हणत असतील तर मला भावनाविवशच राहू दे.

आजारपणातही तू सुधारली नाहीस. नगरच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशननंतर साठ टक्के चान्स आहे, आजी." आजी म्हटल्याचा राग बाजूला ठेवून तू विचारलंस, "कुणाचे साठ? माझ्या वयाच्या बायकांचे, की सगळ्यांचे?" डॉक्टर आधी गडबडले, मग खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी नीट सांगितलं की सगळ्या वयांचे मिळून, तुमच्या वयाला थोडे कमी धरा. तू त्यांचे आभार मानलेस. ते गेल्यावर मला म्हणालीस, "गुणी पोरगा आहे. विचारल्यावर खरं बोलला." मी रडत होते. तू माझा हात थोपटलास. "अगं, साठ टक्के जिवंत कुणी नसतं. असले तर मी अख्खी असेन, नसले तर अख्खी नसेन. तू कशाला वाटण्या करत बसतेस?"

आता भेटायला येणारे म्हणतात, साठ टक्के चान्स होता ना, मग गेल्या कशा? मी त्यांना उत्तर देत नाही. तू दिलं असतंस, कागद-पेन घेऊन. मला फक्त ओरडावंसं वाटतं की ती अख्खी गेली हो, तुम्हाला कळत कसं नाही.

आणि राग तुझ्यावरही आहे. दवाखान्यात त्या दिवशी मला तुला सांगायचं होतं की ह्या शाळेत मी टिकले ती तुझ्यामुळं, तुझ्या शेजारच्या खुर्चीमुळं. पण तू बोलणं वळवलंस आणि पाचवीच्या पोरांचे पेपर तपासून कोण देणार ह्याची चिंता करत बसलीस. मी तपासले. सगळे. तुझ्यापेक्षा सढळ हातानं मार्क दिले, हे सांगून ठेवते.

आज दुपारी मनीषा आली होती. तुझ्या दफनाला तिला पोचता आलं नाही, बातमीच उशिरा कळली. आधी कबरीवर जाऊन आली, मग माझ्याकडं. जामखेडकडं तिचं सासर, तिथल्या अंगणवाडीत ती सेविका आहे. बारावी तिनं लग्नानंतर केली, हे तुला ठाऊक होतं. पण पुढचं तुला सांगायला ती येणार होती आणि राहून गेलं, म्हणून मी सांगते.

गावाबाहेर वीटभट्टी आहे. तिथं बाहेरून आलेल्या बिऱ्हाडांची पोरं अगदी काडीसारखी. वरून तपासणीला आलेल्या बाई तिला म्हणाल्या, ती गावची नाहीत, त्यांना वजनात धरू नकोस, आपल्या गावाचं काम चांगलं दिसतंय, उगाच बिघडेल.

"मंग तू काय केलंस?" मी विचारलं. तिच्याशी बोलताना माझ्याही तोंडात तिची बोली येते.

"धरली की. भट्टीवर काटा घिऊन गेले आन् समद्यांची वजनं केली. दोन पोरं लई वाईट निगाली, तक्त्यावरच्या लाल रेघंच्या पार खाली. आमच्या गावाचा टक्का यकदम घसरला. मिटिंगीत समद्यांम्होरं मला उभी करून बोलल्या."

"वाईट वाटलं?"

"वाटलं ना. रडू आलं. पन आता त्या दोगांना जादा आहार येतोय, म्याडम. धाकटी राणी हाय, ती तर काट्यावर बसवली का चावतीच मला." तिनं मनगटावरचे दातांचे वळ मला दाखवलं. दाखवताना तिचा चेहरा, सुवार्ता, तू बघायला हवा होतास.

मी तिला म्हटलं, रात्रीची राहा, पिठलं-भाकरी करते, बाईंच्या गप्पा मारू. तिनं मान हलवली आणि पिशवी खांद्याला लावली.

"न्हाई म्याडम, जामखेडची गाडी गाठायचीय. उद्या भट्टीवर वजनं हायेत."